आधी प्रश्न, मग उतारा
आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंगच्या भागात ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे उतारा शब्दन् शब्द वाचत बसू नकोस. आधी प्रश्न बघ, मग नावं, सालं, आकडे हेरत उताऱ्यावरून नजर फिरव.

काही प्रश्नांत दिलेलं विधान उताऱ्यानुसार ‘ट्रू’, ‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’ (उताऱ्यात माहितीच नाही) ते सांगायचं असतं. खरी गोची होते ती ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’मध्ये. उतारा म्हणतो पूल १८९० साली बांधला, विधान म्हणतं १९२० साली, तर फॉल्स. विधान म्हणतं पूल लोकांना आवडला आणि उतारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, तर नॉट गिव्हन. तिथे स्वतःचं सामान्यज्ञान अजिबात लावायचं नाही, बरं का!

अनोळखी शब्दापाशी अडू नकोस. बऱ्याचदा पुढच्याच वाक्यात उलगडा होतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नकोस.