वाचकांचे प्रश्न : 1833 चा कायदा आणि नागपूर

प्रश्न : महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, यावरून आमच्या घरी वाद झाला. गुलामगिरीविरुद्ध लढणारे इंग्रज खासदार विल्बरफोर्स यांच्या प्रयत्नाने 1833 चा कायदा होऊन इंग्रजी अमलातील, म्हणजे आपल्याकडचीही, गुलामगिरी संपली, असे मी म्हणतो. मुलगी ते मान्य करीत नाही. खरे काय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुलीचे म्हणणे दोन्ही बाबतीत बरोबर आहे. विल्बरफोर्स यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण 1825 मध्येच ते पार्लमेंटमधून निवृत्त झाले होते, आणि कायद्याची निकड ज्यांनी निर्माण केली ते लोक वेस्ट इंडीजमधील इंग्रजी वसाहत जमैका येथे उसाच्या मळ्यांत राबत होते. सॅम्युएल शार्प हा तेथील लिहिता-वाचता येणारा गुलाम, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत उपदेश करणारा. 1831 च्या नाताळची सुट्टी संपली की मजुरी ठरल्याशिवाय कोयता हाती घ्यायचा नाही, असे त्याने प्रार्थनेच्या बैठकांतून एकेकाकडून शपथेवर वदवून घेतले. वेळही नेमकी साधली होती, कारण ऊसतोडणी तोंडावर आली होती. तो बेत मूळचा संपाचा होता; 27 डिसेंबरच्या रात्री मळे पेटले आणि त्याचे बंड झाले. बंडात चौदा गोरे मारले गेले, तर त्याची शिक्षा म्हणून तीनशेहून अधिक गुलामांना देहदंड झाला; शार्पला मे 1832 मध्ये फाशी दिले. गुलामी अशीच चालू ठेवली तर पुढचे बंड आवरणार नाही, ही धास्ती त्यानंतर लंडनमध्ये बोलून दाखवली जाऊ लागली आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. त्यातही दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना छदामही नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली 1838 पर्यंत त्यांना त्याच मालकांकडे राबावे लागले.

आता आपल्याकडचे. कंपनीचा मुलूख या कायद्यातून स्पष्ट शब्दांत वगळला होता. गंमत अशी, की वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घालणाऱ्या इंग्रज गृहिणी ‘ही साखर गुलामांनी केलेली नाही’ असा मजकूर असलेल्या भांड्यांतून हिंदुस्थानची साखर पाहुण्यांपुढे ठेवीत, आणि त्याच हिंदुस्थानात माणसांची खरेदी-विक्री होत होती. मराठेशाहीच्या दप्तरांत ‘कुणबिणी’ आणि ‘बटकी’, म्हणजे दासी, विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. कंपनीने 1843 चा पाचवा कायदा केला, पण त्यानेही गुलाम बाळगणे गुन्हा ठरवला नाही. मालकाचा हक्क कोर्टाने मानायचा नाही, हे मुख्यतः ठरले.

नागपूरला तर यांपैकी एकही कायदा तेव्हा लागू नव्हता, कारण 1833 आणि 1843 या दोन्ही वर्षी येथे तिसरे रघुजी भोसले यांचे राज्य होते. ते 1853 च्या अखेरीस वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने संस्थान खालसा केले. माणूस गुलाम म्हणून विकणे वा विकत घेणे हा फौजदारी गुन्हा ठरला तो 1860 च्या दंडसंहितेने, आणि तिचा अंमल 1 जानेवारी 1862 पासून सुरू झाला.