मराठी माणसं कशी असतात?

प्रिय मुक्ता,

तुझ्या चीनमधल्या शिआनच्या रूममेटने विचारलं, "तुम्ही मराठी लोक म्हणजे नेमके कसे?" आणि गणपती, पुरणपोळीच्या पुढे तुला काही सुचेना, म्हणून तू माझ्याकडे आलीस. तिला सांग, याचं एक फार जुनं उत्तर तिच्याच गावातून निघालेल्या माणसाने लिहून ठेवलंय.

युआन श्वांग हा बौद्ध भिक्षू. चांगआन, म्हणजे आजचं शिआन, तिथून तो ग्रंथ शोधत भारतात आला, नालंदेत शिकला आणि इ.स. ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात पोचला. तेव्हा इथे चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. उत्तरेच्या हर्षवर्धनाला तो नमला नव्हता. पुढे हर्षाने या भिक्षूचा मोठा सन्मान केला, तरी मायदेशी परतल्यावर त्याने ही गोष्ट स्पष्ट लिहिली. म्हणून त्याने आपल्या लोकांबद्दल लिहिलेलंही मला विश्वासाचं वाटतं.

तो लिहितो, जमीन सुपीक, हवा गरम. माणसं उंच, साधी, सरळ आणि विद्येची आवड असलेली. उपकार विसरत नाहीत. अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, पण आधी शत्रूला इशारा देतात आणि शरण आलेल्याला मारत नाहीत. संकटातल्या कोणी मदत मागितली, तर स्वतःचं भान विसरून धावतात.

एवढंच सांगून थांबू नकोस हं. लढाईआधी सैनिक दारू प्यायचे, हत्तींनाही पाजायचे, हेही त्याने लिहिलंय. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नसत, बायकांचे कपडे देत, आणि तो त्या लाजेने जीव द्यायचा. ही रीत मला मुळीच आवडत नाही, आणि तुलाही आवडू नये. बायकांच्या कपड्यांची लाज कसली? पण वर्णन सांगायचं तर सगळं सांगावं.

राज्याच्या पूर्व सीमेवर, काळोख्या दरीत डोंगर कोरून केलेल्या एका मठाबद्दलही त्याने लिहिलंय. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असं तो म्हणतो. अभ्यासकांच्या मते हे अजिंठा. त्याने ते स्वतः पाहिलं की ऐकून लिहिलं, यावर मात्र वाद आहे. वाघोरा नदीच्या बाजूने १६ क्रमांकाच्या लेण्याकडे चढलं की प्रवेशाशी दोन्ही अंगांना ते हत्ती दिसतात, आणि पायऱ्या चढून वर गेलं की कोनाड्यात नागराज बसलेला. युआन श्वांग ६४५ साली चांगआनला परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. ते ठेवायला बांधलेला मनोरा शिआनमध्ये अजून उभा आहे. तुझ्या मैत्रिणीने तो नक्की पाहिला असणार, तिला विचार.

आता त्या "मदत मागितली तर धावतात" बद्दल. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा चू दे या चिनी सेनानीने नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. चिनी शिकले, तिथल्या डॉक्टरांना शिकवलं, १९४१ साली बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलानशी लग्न केलं. फेफऱ्याच्या आजाराने ९ डिसेंबर १९४२ला ते गेले. वय ३२. शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे, आणि तिथले लोक आजही तिच्यावर फुलं वाहतात.

इकडे आपल्या शाळांमध्ये त्यांच्याबद्दल फार कमी सांगतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन देशांच्या सीमेवर जे झालं, जे होतं, ते तुम्ही दोघी बातम्यांत वाचताच. त्यावर बोलायची वेळ आली तर बोला, टाळू नका. पण बोलण्याची सुरुवात तिथून व्हायलाच हवी असं नाही.

सोलापुरात कोटणीसांच्या घराचं स्मारक केलंय. डिसेंबरात आपण भारतात जाऊ तेव्हा तिथे जाऊ, आणि अजिंठ्यालाही. तुझी मैत्रीण येणार असेल तर तिकिटं काढायच्या आधी कळव.

तुझी,
आई