नळीतून वरणाचं पाणी, आंबील दिली तर चालेल का?

प्रश्न : वडील (वजन ६० किलो) इन्फ्लूएंझाच्या न्यूमोनियामुळे संभाजीनगरला आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. भरती करण्याआधी सहा दिवस पोटात अन्न नव्हतं. आता नाकातल्या नळीतून तासाला जेमतेम २० मिलि आहार देतात. एवढ्यावर माणूस तग कसा धरणार? घरून वरणाचं पाणी, ज्वारीची आंबील पाठवू का?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण ही सुरुवात मुद्दाम हळू ठेवलेली असणार. सहा दिवसांच्या उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. फॉस्फेट फार घसरलं तर श्वासाचे स्नायूच दुबळे पडतात, मग व्हेंटिलेटर काढणं लांबतं. म्हणून आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), रोज रक्ततपासणी, आणि काही दिवसांत टप्प्याटप्प्यानं वाढ. वडिलांच्या वजनाला शेवटी दिवसाला १२०० ते १५०० कॅलरी आणि किलोमागे १.३ ग्रॅम, म्हणजे ७८ ग्रॅम प्रथिनं लागतील. मिलिला एक कॅलरी देणारा आहार असेल तर तो तासाला ५० ते ६० मिलि होतो. त्यातून प्रथिनं पुरत नाहीत, पावडर वेगळी मिसळावी लागते. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

घरचं मात्र आत्ता नको. वरणाची डाळ तळाशी बसते. वरच्या निवळ पाण्यात प्रथिनं नावालाच असतात. आंबील बारीक नळीत अडकते. शिवाय गेवराईहून डबा पोचेपर्यंत, आपल्याकडच्या उन्हात तर हमखास, त्यात जंतू वाढतात. शहाळ्याचं पाणीही परस्पर देऊ नका. किडनीवर ताण असेल तर त्यातलं पोटॅशियम महागात पडतं.

तुम्ही लक्ष ठेवायचं ते असं : उताणे असताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी. पोट फुगलं किंवा उलटी झाली तर लगेच सिस्टरना सांगा. रुग्णाला पालथं झोपवलं तरी आहार चालू ठेवता येतो, त्याला घाबरू नका. रक्तदाब फार घसरून तो टिकवायची औषधं वाढवावी लागत असतील तर मात्र आहार थांबवतात, कारण तेव्हा आतड्याला रक्त कमी पोचतं.

घशातली नळी निघाल्यावर प्रेमापोटी लगेच घोटभर पाणी पाजू नका. गिळण्याची ताकद कमी झालेली असते आणि पातळ पाणी चटकन श्वासनलिकेत उतरतं. आधी गिळण्याची तपासणी. डॉक्टरांनी होकार दिला की मग तुमची आंबील, गुठळ्या न ठेवता, घट्टसर, बसवून, अर्धा-अर्धा चमचा.