कॉम्पॅक्ट पिकअप पुरेल की मिडसाइज घ्यावी?

प्रश्न: आम्ही डेन्व्हरला राहतो. रोज ऑफिसला जाणं-येणं आणि वर्षातून चार-सहा वेळा डोंगरात कॅम्पिंग. कॉम्पॅक्ट फोर्ड मॅव्हरिक पुरेल की मिडसाइज टोयोटा टकोमा घ्यावी?

उत्तर: कच्चा रस्ता नेमका कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. खडी, माती, थोडा बर्फ एवढंच असेल तर ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना जोर देणारी) मॅव्हरिक निर्धास्त घ्या. टकोमापेक्षा ती सुमारे फूटभर आखूड आहे, शहरात पार्किंगला बरी पडते. सेकंडहँड हायब्रिड बघताना मात्र सांभाळा: 2024 पर्यंतची हायब्रिड फक्त फ्रंट-व्हील-ड्राइव्ह आहे.

युटामधल्या मोआबसारखे खडकाळ चढ-उतार डोक्यात असतील तर 4×4 टकोमाच, तीही मागच्या डिफरेन्शिअल लॉकची, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवता येणारी. खरा फरक लो-रेंजचा, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या जादा गिअरचा. मॅव्हरिकला लो-रेंज नाही, अगदी ट्रेमर या ऑफ-रोड मॉडेललाही. लांब, तीव्र उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवावा लागतो, तो तापतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. टकोमात लो-रेंज टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवतं, चढावर चाकांना जोरही अडीच पट मिळतो. लो-रेंज कोरड्या डांबरीवर मात्र लावू नका. वळताना गिअर आवळतात.

गाडी कुठलीही घ्या, ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे) टायर घाला. कच्च्यावर हवा 35 वरून 25 पीएसआयवर आणा, पकड लगेच जाणवते. सोबत पुन्हा हवा भरायला छोटा कंप्रेसर हवाच, कारण कमी हवेत हायवेला लागलात तर टायरच्या कडा तापून फाटतात.