आधी विचार, मग ऊठ

प्रिय पोरी,

प्रभूत सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तू पत्र माझ्या पिशवीत कोंबलंस आणि मी चष्मा शोधेपर्यंत पसार झालीस. चार पानं. रात्री दोनदा वाचली. ‘देव म्हणाला’ असं तू सात वेळा लिहिलंयस, मी मोजलं. वॉर्डात बत्तीस वर्षं काढली की माणूस गोळ्या, टाके, शब्द, सगळंच मोजायला लागतो.

देवाचं पाचारण असतं की नसतं, हा वाद आपल्यात नाही. तुझ्या खुणांकडे येते. शिबिरात रात्रीच्या प्रार्थनेत ‘जा’ असं ऐकू आलं. सकाळच्या मननाला बायबलातला यशयाचा सहावा अध्याय निघाला, ‘हा मी आहे, मला पाठव’. घरी आलीस तर सोसायटीच्या फाटकावर नवा गुरखा, तोही नेपाळचा. झालं, शिक्कामोर्तब! आता दोन महिने सुवार्ता सांगायला नेपाळला जायचंय, पावणेदोन लाख उभे करायचेत, पप्पा नाही म्हणतायत, आणि तू मला विचारतेस, ही वाणी देवाचीच आहे हे ओळखायचं कसं.

त्या गुरख्याचं गाव कुठलं गं? 2015 च्या भूकंपात त्याचं घर राहिलं की पडलं? चार पानांत कुठेही नाही. देवाने धाडलेली खूण रोज तुला फाटक उघडून देते आणि तुला तिचं नाव माहीत नाही.

आधी विचार, ज्याच्याकडे जायचंय त्याला. माझ्याकडे सांगायला एवढंच आहे आणि पुढे मी तेच तेच लिहिणार आहे, कंटाळलीस तर इथेच घडी घाल.

शमुवेलाची गोष्ट मीच तुला रविवारच्या शब्बाथशाळेत शिकवली, म्हणून राग जास्त येतो. पोराला हाक साक्षात परमेश्वराची आली, तरी तो तीनदा उठून एली याजकाकडेच धावला. एली कसला, तर डोळे गेलेला, स्वतःची पोरं न आवरता आलेला म्हातारा. तरी ‘ही हाक त्याची आहे’ हे त्या म्हाताऱ्यालाच आधी कळलं. देवाने शमुवेलाला परस्पर का नाही सांगितलं? मला वाटतं, मुद्दामच नाही सांगितलं. अंत्युखिया शहरातही तेच. पौल आणि बर्णबा या प्रेषितांना सुवार्तेच्या कामासाठी वेगळं करा, हे तिथली मंडळी, म्हणजे चर्च, जमून उपास करत असताना कळलं. एकट्या पौलाच्या खोलीत नाही.

‘देव म्हणाला’ हे वाक्य फार सोयीचं असतं. त्यापुढे कोणाला बोलता येत नाही. 1978 साली मी बाबांचं तोंड असंच बंद केलं. त्यांना माझं नर्सिंग नको होतं, परक्या गावात रात्रपाळ्या नको होत्या. मी म्हटलं, देवाने सांगितलंय. निर्णय बरोबरच निघाला, हे आजही ठासून सांगते. पण त्यानंतर बाबा माझ्याशी देवाविषयी कधी काही बोलले नाहीत. जेवणाआधीची प्रार्थना करायचे, तेवढीच. म्हणून पप्पांसमोर ‘मला वाटतं’ म्हण. ‘मला वाटतं’ म्हटलंस की त्यांना विचारता येईल, का वाटतं? आणि तुलाही शोधावं लागेल.

आता नेपाळ. 2015 च्या 25 एप्रिलला भूकंप झाला तो शनिवार होता, दुपारी बाराच्या सुमाराला. नेपाळात सुट्टी शनिवारची, त्यामुळे मंडळ्या उपासनेला शनिवारीच बसतात. कितीतरी माणसं उपासनेतच गाडली गेली. मे महिन्यात आमच्या ओळखीतल्या मंडळ्यांनी मिळून चौदा जणांची तुकडी काढली. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. बातम्या बघून आम्ही रडलो, प्रार्थना केली, आणि आमच्यातला एक जण म्हणाला, देव म्हणतोय जा. मीही आमेन म्हटलं. रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, मग बसने काठमांडू आणि पुढे सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, तेव्हा अडवायलाही कोणी नव्हतं.

अकरा दिवस राहिलो. गावातल्या मंडळीच्या पाळकाचं घर बसलेलं होतं. बायको, म्हातारी आई, दोन पोरं, सगळी ताडपत्रीखाली. पाऊस दारात आलेला, त्याआधी पत्रे चढवायचे होते. पण तो अकरा दिवस आमच्याबरोबर फिरला, कारण आम्हाला वाट माहीत नव्हती आणि भाषा येत नव्हती. त्याची बायको चौदा माणसांचा डाळभात रांधत होती. तांदूळ कुठून आणला, हे मी विचारलं नाही. आम्हाला वाटत होतं, आम्ही सेवा करतोय.

तामाङ जमातीची एक आजी आली, बीपी खूप वाढलेलं. मी हिंदीत सांगितलं, पाळकाने नेपाळीत, कोणीतरी पोराने तामाङ भाषेत, रोज सकाळी एक. तीस गोळ्या दिल्या. एकतिसाव्या दिवशी काय, हा प्रश्न मला पडला होता, खोटं कशाला बोलू. पडला आणि मी पुढच्या पेशंटला बोलावलं. नाताळात पाळकाच्या बायकोचा फोन आला तेव्हा कळलं, आजीने गोळ्या घरात सगळ्यांना वाटल्या होत्या. शक्तीच्या समजून. ती हसत सांगत होती. मला हसू येईना.

आता लगेच ‘मावशी, तुमचं सगळं वाया गेलं’ असं लिहू नकोस. नाही गेलं. मी रोज पन्नास-साठ जखमा धुतल्या, एका पोराच्या पायात किडे पडले होते ते काढले, एका बाळंतिणीजवळ रात्रभर बसले. तो पाय वाचला असेल. तुकडीतली इतर मंडळी फोटो काढत होती, मी नाही. असो. हे मी तुला का सांगतेय कळत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तू म्हणशील, अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉलला तरी कोणी बोलावलं होतं? ओळखते मी तुला, वाद घालण्यात पटाईत आहेस. नव्हतं बोलावलं. 1813 मध्ये तो मुंबईत उतरला तेव्हा कंपनी सरकार त्याला परत पाठवायच्या मागे होतं. पण तो राहिला. मराठी शिकला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. न बोलावता आला, त्याची किंमत तेरा वर्षांनी आणि जिवाने चुकवली. तू साठ दिवसांची जाणार. थोडक्यासाठी जाणाऱ्याला बोलावणं लागतंच. राहणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो.

थोडक्यासाठी गेल्यावर काय होतं ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे, पण त्यावर प्रवचन कधी ऐकलंयस? थेस्सलनीका शहरात पौलाने तीन शब्बाथ वाद घातला. दंगा झाला, बंधूंनी त्याला रातोरात बाहेर काढलं. मागे राहिला यासोन, ज्याच्या घरी तो उतरला होता. त्याला अधिकाऱ्यांपुढे ओढत नेलं, जामीन त्याने भरला. मला पौलापेक्षा यासोन जास्त आठवतो. नेपाळात धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे, 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. गावच्या पाळकाला कुठे काढणार? तू चौकात गिटार घेऊन गाशील आणि बस पकडशील. म्हणून जामीन कोण भरणार आहे, त्याला आधी विचार.

त्या देशात सुवार्ता आपल्यामुळे पोचली असाही गैरसमज नको. गंगाप्रसाद प्रधान काठमांडूचेच. दार्जिलिंगला राहून नेपाळी पवित्र शास्त्रासाठी, म्हणजे बायबलासाठी, आयुष्य घातलं, 1914 मध्ये ते पूर्ण छापून झालं आणि त्याच साली कुटुंबकबिला घेऊन काठमांडूला परतले, तर राज्याने हाकलून दिलं. आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीक शिकून आख्खं शास्त्र मराठीत आणलं, तसेच ते. तुझ्या सामानाच्या यादीत स्लीपिंग बॅग आहे, पॉवर बँक आहे, नेपाळीचं एक पुस्तक नाही.

आता जे मी कोणाला सांगितलेलं नाही ते. नाताळातल्या त्याच फोनवर पाळकाची बायको म्हणाली, सिस्टर, गोळ्या नकोत, माणसंही नकोत. तुम्ही एकट्या सहा महिने या. आमच्या चार पोरींना बीपी मोजायला, बाळंतीण बघायला शिकवा. मी रिटायर झालेली, पेन्शन चालू, गुडघे तेव्हा धड होते. यापेक्षा स्पष्ट हाक माणसाला काय यायची? पौलाला बोलावणारा मासेदोनियाचा माणूस तरी रात्रीच्या दृष्टान्तात दिसला होता, ही बाई फोनवर होती. नातू व्हायचा होता, सून पुण्यात एकटी होती, हे खरंच होतं. मी म्हटलं, प्रार्थना करते.

आपल्या मंडळीत ‘प्रार्थना करते’ म्हणजे गोड शब्दांत ‘नाही’, हे तुला ठाऊक आहे. आणि ती प्रार्थनाही मी केली नाही. उत्तर काय येईल ते माहीत होतं.

बोलावलं नव्हतं तेव्हा गेले आणि बोलावलं तेव्हा नाही गेले. नातू आता शाळेत जातो, गोड आहे, त्याच्याकडे बघून मला पश्चात्ताप करता येत नाही. पण तू पत्रात ‘जा’ लिहिलंस आणि मला ‘या’ आठवलं.

तेव्हा रागावू नकोस. तुला अडवायचं असतं तर पप्पांना एक फोन पुरला असता. ज्यांच्याबरोबर जातेयस त्यांना लिहून विचार: कोणत्या गावी, तिथल्या कोणत्या माणसाने बोलावलंय, त्याने काय मागितलंय, आणि आपण निघाल्यावर ते काम कोण बघणार. ‘प्रभू मार्ग दाखवील’ असं उत्तर आलं तर पैसे भरू नकोस. दाखवील, पण त्यांनी विचारायला हवं ना!

आणि आज संध्याकाळी गुरख्याशी बोल. हातात चहा घेऊन जा.

पाळकाच्या बायकोचा नंबर माझ्या जुन्या वहीत आहे. एवढ्या वर्षांत मी एकदाही लावला नाही. या शनिवारी लावणार होते, पण शनिवारी त्यांची उपासना असते. रविवारी आपली सुटली की घरी ये, मिळून लावू. त्यांच्या चार पोरींना अजून कोणी हवंय का, ते विचारायचंय. सुरुवात मी करीन. ‘जयमसी’ म्हटल्यावर माझा आवाज फुटला नाही, तर फोन तू घे.

तुझी,
सिस्टरमावशी