बोकडाची लघवी तुंबली? आधी खुराकाची पाटी बघा

प्रश्न (आटपाडी) : ईदसाठी बोकडं बांधून खुराकावर धरलीत. मक्याचा भरडा आणि गहू भुसा (गव्हाचा कोंडा) पोटभर, वर कडबा. त्यातलं एक कालपासून पाय ताणून कुंथतंय, लघवी थेंबथेंब. बोअरचं पाणी खारं आहे, त्यानं मुतखडा झाला का? भरपूर पाणी पाजलं तर खडा पडेल का?

उत्तर : जबरदस्तीनं पाणी पाजू नका. वाट बंद असताना वरून पाणी ओतलं तर मूत्राशय फुटतं. लघवी वाढवणारं औषधही नको. बरेच जण कुंथणं बघून बद्धकोष्ठ समजतात, तेल पाजतात आणि त्यात दिवस जातो. बोकड आजच दवाखान्यात न्या. इंद्रियाच्या टोकाला बारीक शेपटासारखा भाग असतो, खडा पुष्कळदा तिथंच अडकतो. डॉक्टर तो कापतात आणि कधीकधी धार लगेच सुटते. पण वर आणखी खडे असतील तर पुन्हा तुंबतं, मग शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही.

आता बोअरचं. खारं पाणी जनावर कमी पितं, एवढा दोष त्याचा. खरं कारण तुमच्या पाटीत आहे. मका आणि भुसा दोन्हींत कॅल्शियम नावाला आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. भुशात तर आठ-दहा पट. खरं तर चाऱ्या-खुराकात मिळून कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. जास्तीचा फॉस्फरस लघवीत उतरतो आणि खडे धरतात. शेळ्या तोच खुराक खाऊन ठणठणीत राहतात, कारण त्यांची मूत्रनलिका आखूड आणि रुंद. बोकडाची लांब, अरुंद, मध्ये वळण असलेली. फार लहानपणी खच्ची केलेल्याची तर आणखी बारीक राहते. म्हणून खच्चीकरण चार-पाच महिन्यांपर्यंत थांबवलेलं बरं.

भुसा निम्म्यावर आणा. सरकी पेंडीनं ती जागा भरू नका, तिच्यातही फॉस्फरस भरपूर. शंभर किलो खुराकात दीड ते दोन किलो पशुखाद्याची चुनखडी पूड आणि एक किलो मीठ मिसळा. नुसतं खनिज मिश्रण वाढवून भागत नाही, त्यात फॉस्फरसही असतो. लसूण घास किंवा शेवरी रोज द्या. पाणी सावलीत, स्वच्छ आणि दिवसभर समोर. थंडीत कोमट केलं तर जास्त पितात. अमोनियम क्लोराईड, म्हणजे नवसागर, लघवी आम्लधर्मी करून असे खडे धरू देत नाही, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. किराणा दुकानातला नवसागर नको.

कराडकडून रेडकांबद्दल विचारलंय. नर रेडकांनाही मुतखडा होतो. तुमच्याकडं उसाचं वाढं फार, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. वाढं एकट्यानं घालू नका, घातलंच तर चुन्याची निवळी शिंपडून.

आटपाडीकरांनी बाकीच्या बोकडांच्या लघवीच्या जागेवरचे केस आज चिमटीत धरून बघावेत. वाळूसारखे पांढरे कण हाताला लागले तर त्यांचा भुसा आजच बंद करा आणि डॉक्टरांना तीही दाखवा.