सेव्ह उडाल्यावर ब्लडबोर्न की डार्क सोल्स थ्री? माझं मत

पावसात लाईट ये-जा करत राहिली, तुझा पीएस फोर (सोनीचा गेम कन्सोल) मेला, दुरुस्त होऊन आला तो कोरा, सगळे सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर आलो त्याच्या नोंदी, गेलेले. तुझी पोस्ट वाचून डोकंच तापलं, कारण चवथीच्या तोंडावर माझंही नेमकं हेच झालं होतं. आता तुझा प्रश्न: शून्यातूनच सुरुवात करायची तर डार्क सोल्स थ्रीच्या लोथ्रिक राज्यात परत जाऊ, की मित्राने दिलेली ब्लडबोर्नची डिस्क लावू?

आधी थोडा राग काढू दे. माझा कन्सोल ज्या सर्व्हिस सेंटरला दिला, तिथे काउंटरवरच विचारलं होतं, ‘आत सेव्ह आहेत, राहतील ना?’ ‘काही होत नाही हो.’ बिघाड निघाला पॉवर सप्लायचा. हार्ड डिस्कला हात लावायचं कारणच नव्हतं, तरी पुसली. विचारलं तर म्हणे वरच्या ऑफिसचा नियम. वरच्या ऑफिसला फोन केला तर म्हणे तुम्ही फॉर्मवर सही केलीय. पीएस फोरची हार्ड डिस्क वापरणाऱ्याला स्वतः काढता येते. ‘काढून घरी ठेवा’ एवढं एक वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघालं नाही. पणजीला हेलपाटे घातले ते वेगळेच.

पुढच्या वेळेसाठी: सेटिंग्जमधून सेव्ह पेनड्राइव्हवर कॉपी होतात, त्याला प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी लागत नाही. वर्गणी लागते ती क्लाउडला.

आता गेम. ही माझी आवड, नियम नव्हे. ढाल घेऊन शांतपणे खेळणारे भले लोक मला ठाऊक आहेत. पण तू ब्लडबोर्नच लाव. सेव्ह गेल्यावर तोच गेम परत लावला की दर बोनफायरला, म्हणजे डार्क सोल्समधल्या विसाव्याच्या शेकोटीला, गेलेलं कॅरेक्टर आठवतं. इथे त्याची तलवार होती, इथे हे चिलखत मिळालं होतं. मी ते करून पाहिलं आणि अर्ध्यात सोडलं. ब्लडबोर्नमध्ये जुन्या सवयी चालतच नाहीत, त्यामुळे गेलेल्याची तुलनाच होत नाही. ढाल म्हणून एक लाकडी फळी मिळते, तीही थट्टाच. मार बसला की मागे सरायचं नाही, लगेच उलट वार करायचा, गेलेलं रक्त थोडं परत मिळतं. हे एकदा अंगवळणी पडलं की डार्क सोल्स थ्री मला तरी संथ वाटतो. शिवाय २०१६ चा तो गेम पहिल्या भागाच्या आठवणींवर फार जगतो. पहिल्या भागातलं अनॉर लोंडो शहर परत दाखवलं की आपण खूश व्हायचं, असा हिशेब. ब्लडबोर्नच्या यार्नम शहराला असा आधार नाही. तिथे शिकारीची गोष्ट म्हणून सुरू झालेलं प्रकरण मध्यावर भलत्याच दिशेला जातं. कुठे, ते सांगत नाही.

एका बाबतीत मात्र डार्क सोल्स सरळ जिंकतो. एस्टस, म्हणजे जखमा भरून काढणारं पेय, बोनफायरला बसलं की परत भरतं. ब्लडबोर्नच्या त्याच कामाच्या रक्ताच्या कुप्या संपतात, आणि बॉसकडून सारखा मार खाल्ला की परत गल्ल्यांतून कुप्या गोळा करत फिरायचं. पुढे त्यांची किंमतही वाढते. हे कोणी कितीही डोक्याने केलंय म्हटलं तरी मला पटत नाही. आणि सेकंदाला ६० फ्रेम्सची सवय असेल तर ब्लडबोर्नच्या ३० डोळ्यांना खुपतील. पीसीवर तो अधिकृतपणे आलेलाच नाही.

ब्लडबोर्नमध्ये सुरुवातीला लेव्हल वाढत नाही म्हणून डिस्क फेकू नकोस. एक इनसाइट (गेममधला ज्ञानाचा गुण) मिळाल्याशिवाय लेव्हल वाढवणारी बाहुली बोलत नाही, आणि पुलावरचा क्लेरिक बीस्ट हा बॉस नुसता दिसला तरी ती इनसाइट मिळते. गॅस्कॉइन या बॉसवर अडकशील. खिडकीतल्या मुलीशी बोल, ती संगीतपेटी देते. लढताना ती वाजवली की गॅस्कॉइन माणसाच्या रूपात असताना डोकं धरून थांबतो, पण जास्त वाजवलीस तर लवकर जनावर होतो. मग तेलाची मडकी आणि पेटत्या मोलोटोव्ह बाटल्या फेक.

दोन्ही गेम पॉझ होत नाहीत. आईने जेवायला हाक मारली तर मेनूतून बाहेर पड, सेव्ह होतो. लाईटीवर विसंबू नकोस, यूपीएस घे. त्यावर कन्सोल लाव, टीव्ही नाही लावलास तरी चालेल; आमच्याकडे लोक नेमकं उलटं करतात.